जिन्याच्या वळणावरची जास्वंद

टण्. टण्.

हीटरच्या पाइपवर वरच्या मजल्यावरून चमच्याचे दोन ठोके पडले आणि इतका वेळ जपलेली दुपारची शांतता मोडली. बोग्ना इगाचे ओले मोजे त्याच पाइपवर वाळत घालत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्या पाइपचा रंग एका जागी पार लोखंडापर्यंत उडाला होता. इगाचं बोट भाजू नये म्हणून बोग्ना तिथे नेहमी एखादं फडकं गुंडाळून ठेवी. हातातला मोजा तसाच धरून तिनं आतल्या पलंगाकडे पाहिलं. पाच वर्षांची इगा सर्दीनं तोंड उघडं टाकून झोपली होती. तिनं कूस बदलली, नाक ओढलं आणि पुन्हा झोपेत बुडाली.

दोन ठोके म्हणजे वर ये. एक म्हणजे सगळं ठीक आहे. तीन ठोके आजवर कधी पडले नव्हते, आणि तीनचा अर्थ काय धरायचा हे दोघींनी बोलून ठेवलेलंही नव्हतं.

उरलेले मोजे वाळत घालून बोग्नानं दार अर्धवट लोटलं आणि जिना चढू लागली. फार चढावं लागलंच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, मोठ्या खिडकीपाशी, इर्मिनाबाई स्टुलावर येऊन बसल्या होत्या. पुढ्यात साबणाच्या पाण्याची बादली आणि कुंडीतली त्यांची जास्वंद. झाड त्यांच्यापेक्षा उंच होतं. शेंड्याला एकच फूल शिल्लक होतं, लालभडक, ऑक्टोबरच्या उन्हात जरा सुरकुतलेलं.

"पोर उठली का?"

"नाही. झोपलीय."

"मग हळू बोल आणि कात्री धर. मला वाकवत नाही."

सुवाउकी शहरात पहिलं हिव पडायच्या आत सगळ्या बाल्कन्या रिकाम्या होतात आणि जिने भरतात. कुणाचं लिंबू, कुणाची कण्हेर, कुणाचे जिरेनियम. जिन्यात उजेड असतो पण ऊब नसते, थंडी असते पण बर्फ नसतो. झाडांनी थंडीभर निजून राहावं एवढंच तिथे जमतं, आणि तेवढंच त्यांना हवं असतं. इर्मिनाबाईंची जास्वंद या वळणावर किती वर्षं निजत आली होती, ते त्यांनाच ठाऊक.

"इथून काप," त्यांनी बोटानं दाखवलं.

"एवढं?"

"एवढं नाही. आणखी खालून."

"दुखत असेल हो तिला."

"ती काय तू आहेस दुखायला? काप."

बोग्नानं फांद्या कापल्या. इर्मिनाबाई पानं एकेक करून पुसत होत्या, पुढून, मग मागून, तान्ह्या बाळाचे कान पुसावेत तशी. मग त्या पानांशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "खुब्याचं ऑपरेशन ठरलंय. ग्दिन्याला, मुलाकडे. ईस्टरपर्यंत तिकडेच."

"ईस्टर?"

"सून तर म्हणते कायमच्याच राहा. लिफ्ट आहे, समुद्र आहे, खोलीला नवीन पडदे लावलेत. चांगली आहे गं ती. पण पडद्यांकडे बघत किती वर्षं काढायची?" त्यांनी फडकं बादलीत पिळलं. "मी तिला सांगून टाकलं, घरी माझी जास्वंद आहे. तिच्यासाठी तरी परत यावं लागेल. माणसाची वाट बघणारं कुणीतरी असलं की लोक त्याला जाऊ देतात. म्हणून म्हणते, हिला जगव. घरात नेऊ नकोस, पाण्याचा नुसता ओलावा दे, आणि हिच्याशी फार बोलू नकोस. झोपमोड होते."

"जगवेन."

"आणि एक. सर्वसंतांच्या दिवशी टेकडीवरच्या दफनभूमीत एक दिवा लावायचाय. पाइनच्या झाडांखाली, अपोलोनिया म्हणून नाव आहे दगडावर."

"कोण लागतात तुमच्या?"

"लागत कुणी नाही. लाव तू."

बोग्नाला तेव्हा बरंच काही म्हणायचं होतं. पाच वर्षांपूर्वी ती या इमारतीत आली तेव्हा इगा महिन्याची होती आणि नवरा, ओलेक, ट्रक घेऊन नॉर्वेच्या वाटेवर. पोर रडायचं थांबेना, म्हणून एका सकाळी बोग्ना तिला घेऊन याच वळणावरच्या पायरीवर बसली होती आणि स्वतःच रडत होती. इर्मिनाबाई भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. पिशवी खाली ठेवली, बाळ उचललं, जास्वंदीच्या फुलासमोर धरलं. बाळ त्या लाल रंगाकडे बघत गप्प झालं. "जा," त्या म्हणाल्या होत्या, "केस धुऊन ये." बोग्नानं कितीतरी दिवसांनी सावकाश, दोनदा साबण लावून केस धुतले होते. त्याच दुपारी पाइपवर पहिल्यांदा ठोके पडले, आणि वर जवाचं सूप तयार होतं. तेव्हापासून जे पडत आले ते आजपर्यंत.

"इर्मिनाबाई, तुमचे मी कसे आभार…"

"खबरदार!" म्हातारीनं ओला हात उगारला. "झाडापाशी आभार मानायचे नसतात. एवढंही ठाऊक नाही? झाड जीव धरत नाही मग."

"मी झाडाबद्दल नव्हते म्हणत."

"तिला काय कळतंय कशाबद्दल ते. चल, बादली उचल."

खालून तळमजल्यावरचे झेनॉनकाका बर्फाचं फावडं खांद्यावर टाकून वर येत होते. बर्फाला अजून अवकाश होता, पण फावडं काढून ठेवायला त्यांना उशीर चालत नसे.

"आज कसलं सूप होतं म्हणे?" त्यांनी विचारलं. "ठोके मला खालपर्यंत ऐकू येतात. वास चौथ्या मजल्यापर्यंत जातो. सूप मात्र दुसऱ्या मजल्याच्या खाली कधी उतरत नाही."

"पाइपला सांगा तुमच्या," इर्मिनाबाई म्हणाल्या.

*

सर्वसंतांच्या दिवशी, सगळं गाव आपल्या गेलेल्यांसाठी दिवे लावत असताना, बोग्नानंही दिवा लावला. दगडावर अंडाकृती चिनीमातीत एका बाईचा फोटो होता, डोक्याभोवती वेणी गुंडाळलेली, हसू दाबून धरलेलं.

"ही कोण?" इगानं विचारलं.

"अपोलोनियाआजी. इर्मिनाआजीच्या ओळखीची."

इगा फोटोजवळ वाकली आणि कुणाच्या तरी दारात उभं राहून सांगावं तसं म्हणाली, "इर्मिनाआजीनं पाठवलंय हे. तिचा पाय दुखतो."

इर्मिनाबाई ग्दिन्याला गेल्यापासून पाइप गप्प असे. दुपारी कधी कधी बोग्नाचा हात काम करता करता थांबायचा आणि ती वर पाहायची. मग पुन्हा कांदा चिरायला लागायची.

जानेवारीत थंडी अशी पडली की खिडकीच्या काचेला आतून बर्फाचे काटे आले. जिन्यातल्या खिडकीच्या फटीतून वारा शिटी घालत होता. झाडाला पाणी द्यायला वर जाताना इगानं कुंडीला हात लावला आणि म्हणाली, "आई, हिचे पाय गार पडलेत."

बोग्नानंही हात लावून पाहिला. जास्वंदीची पानं खाली मान घालून होती. इर्मिनाबाईंनी घरात नेऊ नकोस म्हणून बजावलं होतं हे तिच्या पक्कं लक्षात होतं. पण त्यांनी सांगितलं तेव्हा ऑक्टोबरचं ऊन होतं. जिनं आपल्या पोरीला उबेत धरलं तिचं झाड या वाऱ्यात उभं ठेवायचं, आणि आपण आत चहा प्यायचा? तिनं जुनी सतरंजी आणली, कुंडी तिच्यावर तिरकी केली, एकेक पायरी सांभाळत अर्धा जिना उतरवली आणि हीटरला लागून ठेवली. कोमट पाणी घातलं. इगानं कुंडीला आपला लोकरी गळपट्टा बांधला.

पहिले काही दिवस त्यांचं घर सण असल्यासारखं होतं. फांद्यांना फिकट हिरवे धुमारे फुटले. इगा रोज सकाळी ते मोजायची आणि दर वेळी वेगळाच आकडा सांगायची. मग धुमारे लांबट, पोपटी आणि लुळे होत गेले. एक पान पिवळं पडलं, मग दुसरं. पान पडल्याचा आवाज होतो हे बोग्नाला त्या महिन्यात कळलं. इगा झोपली की घर इतकं शांत होई की फरशीवर टेकणारं प्रत्येक पान ऐकू येई. तिनं आणखी पाणी घातलं. पानांच्या पाठीवर बारीक जाळी धरली, आणि त्यातून लाल ठिपके चालू लागले.

झेनॉनकाका हीटरमधली हवा काढायला आले आणि पाना हातात तसाच धरून उभे राहिले.

"काय गं पोरी, झाडाला सॉनात बसवलंस?"

"बाहेर गारठली होती."

"मला झाडातलं काही कळत नाही," काका म्हणाले. "पण माझ्या बायकोनं मला भर जानेवारीत गादीवरून उठवलं तर मीही थोड्या दिवसांत असाच दिसेन."

बोग्नाला हसू आलं आणि त्याच श्वासात डोळे भरून आले. काकांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. दोघांनी मिळून कुंडी पुन्हा वळणावर नेली. काकांनी खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. बोग्नानं प्रत्येक फांदी साबणाच्या पाण्यानं पुसली. उरलेली पानंही गळाली, आणि मग खिडकीपाशी नुसत्या काटक्या राहिल्या.

फेब्रुवारीत फोन आला.

"कशी आहेस? पोर खाते ना नीट?"

"खाते. तुमचा पाय?"

"पाय नवा आहे, बाकी मी जुनीच. ती कशी आहे?"

बोग्ना फोन कानाला लावून जिन्यात उभी होती. समोर काटक्या होत्या. "आहे," ती म्हणाली.

"आहे ना? मग झालं. सून आज पुन्हा विचारत होती, खोलीला कसला रंग आवडेल म्हणून. मी म्हटलं, जास्वंदीला विचारून सांगते." त्या हसल्या, आणि हसता हसता जरा थांबल्या. "बोग्ना, इथे सगळे फार चांगलं वागतात गं. त्याचीच भीती वाटते."

त्या दिवसापासून बोग्ना रोज, इगाला बालवाडीत सोडून परतताना, अर्धा जिना जास्त चढून वळणावर थांबायची. बोटाच्या नखानं एखाद्या फांदीची साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं की घरी जायची. तपकिरी दिसलं की आणखी खाली खरवडायची. जसजसे दिवस गेले तसतसं हिरवं खाली खाली सरकत गेलं.

*

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी जिन्यात काठीचा आवाज आला. बोग्ना कणीक मळत होती. इगा आधी पळाली.

"आई, इर्मिनाआजी! नवा पाय घेऊन आलीय!"

बोग्ना पिठाच्या हातानंच बाहेर आली. इर्मिनाबाईंचा मुलगा बॅगा घेऊन पुढे वर गेला होता. इर्मिनाबाई एक पायरी, मग काठी, मग दुसरी पायरी अशा चढत होत्या. चेहरा बारीक झाला होता. वळणावर पोचल्या तशा स्टुलावर बसल्या, श्वास घेतला, आणि मग समोर पाहिलं.

बोग्ना चार पायऱ्या खाली थांबली.

"घरात नेलीस," इर्मिनाबाई म्हणाल्या.

"थंडी फार पडली होती. मला वाटलं…"

"तिचे पाय गार पडले होते," इगानं मध्येच सांगितलं. "मी गळपट्टा पण दिला होता."

इर्मिनाबाईंनी चष्मा लावला आणि एक फांदी जवळ ओढली. सालीवर वरपासून खालपर्यंत नखाचे बारीक बारीक ओरखडे होते. दुसऱ्या फांदीवर तसेच. तिसऱ्या फांदीवरही.

"हे काय? उंदीर लागला होता का?"

"मीच. रोज बघत होते, आहे का म्हणून."

म्हातारी त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिली. तिचे खांदे हलू लागले. बोग्नाला वाटलं ती रडते आहे, म्हणून ती धावत वर आली. पण म्हातारी हसत होती, काठी कठड्यावर आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अस्सेच," ती म्हणाली. "अगदी अस्सेच ओरखडे काढले होते मी. तेव्हा हा," तिनं वर, मुलगा गेला त्या दिशेला मान उडवली, "हा मांडीवर होता. नवरा लाकडाच्या गिरणीत रात्रपाळीला. अपोलोनियानं मला तिच्या जास्वंदीची फांदी दिली होती, चांगली लागली होती. आणि पहिल्याच थंडीत, गारठली बिचारी म्हणून, मी नेली उबेला. माझी तर मुळासकट गेली. तुझी निदान बुडात हिरवी आहे. दोन दिवस मी अपोलोनियाला तोंड दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी दार वाजलं. बघते तर ही दारात, हातात दुसरी फांदी. मी म्हणणार तेवढ्यात माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, खबरदार."

"कुठे राहायच्या त्या?"

"कुठे म्हणजे? तुझ्या घरात."

बोग्ना कठड्याला टेकली.

"सूप तेव्हा वर यायचं," इर्मिनाबाई म्हणाल्या. "ठोके खालून पडायचे. तुझ्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली, पाइपचा रंग उडालाय बघ एका जागी. तिच्या चमच्यानं. नंतर ती गेली. आभार राहिलेच मानायचे. झाड मेलं असतं ना." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तिच्या मागे तुझ्या घरात दोन बिऱ्हाडं येऊन गेली. मी ठोके दिले की ते उलट भिंत बडवायचे, म्हातारे, गप्प बस म्हणून. मी दर नव्या बिऱ्हाडाला एकदा ठोके देऊन बघायची. वर आलीस ती तूच."

पाच वर्षांचं सूप बोग्नाच्या डोळ्यांपुढून गेलं, जवाचं, बिटाचं, शेवया घातलेलं कोंबडीचं. ती ज्या खिडकीपाशी बसून ते प्यायली होती ती खिडकी. खिडकीखालचं ते फडकं.

"मी ते झाकून ठेवते," ती हळूच म्हणाली. "इगाला भाजू नये म्हणून."

"बरं करतेस. तीही झाकायची. माझ्या पोरासाठी."

मग इर्मिनाबाईंनी कात्री मागितली. वाळलेलं सगळं छाटायला लावलं. उरली ती गुडघाभर उंचीची खोडं, आणि एका खोडाच्या बुडाशी, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, तांदळाएवढा एक हिरवा डोळा. तो राखून त्यांनी शेजारचा हिरव्या सालीचा बोटभर तुकडा कापला आणि इगाच्या हातात ठेवला.

"मातीत खोच. वर काचेची बरणी पालथी घाल. आणि काय म्हणायचं नाही?"

इगानं ओठ गच्च मिटले आणि दोन्ही हातांनी वरून दाबून धरले.

"शहाणी आहे. आईपेक्षा." काठीवर भार देऊन त्या उठल्या. पायरी चढण्याआधी वळल्या. "ही मेली असती तरी मी आलेच असते गं. पण सुनेला नको सांगूस हं."

*

संध्याकाळी स्वयंपाकघरात ईस्टरच्या पावाची कणीक फुगत होती. खिडकीत बरणीखाली बोटभर काडी उभी होती आणि काचेला आतून वाफ धरली होती. बोग्ना पोळपाट पुसत होती. तिनं खिडकीखालचं फडकं सोडून घेतलं होतं. उघडं लोखंड कुणाच्या तरी अंगठ्यानं झिजवल्यासारखं गुळगुळीत होतं.

टण्.

एकच ठोका. सगळं ठीक आहे.

इगानं चमचा घेतला, जीभ बाहेर काढून नेम धरला आणि त्या झिजलेल्या जागेवर एक ठोका दिला. खालून, दूरवरून, झेनॉनकाकांनीही एक ठोका ठेवून दिला. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"आता सूप त्यांनाही द्यायला हवं," बोग्ना म्हणाली.

इगा गुडघ्यावर बसली. तिनं टॉवेलचा कोपरा मध्ये धरून पाइपला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"आई, हा पाइप कुठपर्यंत जातो?"

"तळघरापर्यंत."

"आणि त्याच्याखाली?"

"त्याच्याखाली जमिनीतून जातो. लांबपर्यंत."

इगानं कान काढला नाही. चमचा छातीशी धरून, आवाज अगदी बारीक करून तिनं विचारलं,

"मग अपोलोनियाआजीला ऐकू गेलं असेल?"